लाल झेंडा खरोखर लाल: रशियन इतिहासपटांचा डिस्कसंच

१९०५ साली रशियन युद्धनौकेवर झालेल्या नौसैनिकांच्या बंडावरचा मूकपट 'बॅटलशिप पोटेमकिन', त्याच्या या प्रतीत लाल झेंडा खरोखर लाल दिसतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा हा संच घ्यावा असं मी म्हणेन. १९२५ साली दिग्दर्शक आयझेनस्टाइनने कृष्णधवल चित्रपटातला तो झेंडा फिल्मवर हाताने रंगवून घेतला होता. नंतरच्या कितीतरी प्रतींत तो नुसता पांढराच फडकत राहिला. इथे २००५ साली बर्लिनमध्ये दाखवलेली, दुरुस्त केलेली आवृत्ती आहे आणि सोबत एडमुंड मायझेलचं १९२६चं संगीत. शेवटी बोटीचं इंजिन आणि ढोल एका लयीत धडधडू लागतात, तेव्हा आवाज अजिबात कमी करू नका.

संचात याशिवाय पुडोवकिनचा 'मदर', आयझेनस्टाइनचे 'ऑक्टोबर', 'अलेक्झांडर नेव्हस्की' आणि 'इव्हान द टेरिबल'चे दोन्ही भाग आहेत. 'मदर'ची प्रत ठीकठाक, पण आईची भूमिका करणाऱ्या वेरा बारानोव्स्कायाच्या चेहऱ्यापुढे प्रतीचे ओरखडे दिसेनासे होतात.

मी इतिहास शिकवते, त्यामुळे 'हे असंच घडलं का?' हा प्रश्न काही पाठ सोडत नाही. 'पोटेमकिन'मध्ये सैनिक ओडेसा शहरातल्या पायऱ्यांवर लोकांना गोळ्या घालतात. १९०५ साली ओडेसात माणसं मारली गेली खरी, पण ती मुख्यतः बंदराच्या परिसरात, रात्रीच्या वेळी. भरदिवसा पायऱ्या उतरत येणारी सैनिकांची ती रांग दिग्दर्शकाने रचलेली आहे. चित्रपट थांबतो तो इतर युद्धनौका गोळी न झाडता पोटेमकिनला वाट देतात तिथे. पुढे हीच बोट रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सा बंदरात शरण गेली, ते त्यात नाही. १९१७च्या बोल्शेविक क्रांतीवरच्या 'ऑक्टोबर'मध्ये, सरकार जिथे बसत होतं त्या हिवाळी राजवाड्याच्या फाटकावर लोकांचा लोंढा चढतो. प्रत्यक्षात १९१७ साली राजवाडा फारसा रक्तपात न होता हाती आला होता. तरी माहितीपटांतून हीच दृश्यं खऱ्या चित्रणासारखी वापरली गेली. म्हणूनच मला हे चित्रपट वर्गात हवे असतात: क्रांती कशी झाली आणि दहाच वर्षांत तिची आठवण कशी घडवली गेली, दोन्ही एकाच वेळी दाखवता येतं. क्रांतीचा एक प्रमुख नेता ट्रॉट्स्की याला कम्युनिस्ट पक्षातून काढल्यावर 'ऑक्टोबर'मधली त्याची दृश्यंही कापावी लागली, हे सांगितलं की मुलं पडद्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

'नेव्हस्की'ने मात्र वैताग आणला. बर्फावरची लढाई, म्हणजे पडदाभर पांढरं, आणि त्यावर सबटायटल्सही पांढरी! ना काळी कड, ना मागे पट्टी. नेव्हस्कीच्या रशियन सैन्याने जर्मन सरदारांशी केलेल्या १२४२च्या त्या लढाईचं हिवाळी दृश्य १९३८च्या ऐन उन्हाळ्यात चित्रित झालं होतं, हे पाहताना जाणवतसुद्धा नाही. प्रोकोफिएव्हचं संगीत अफाट, पण मूळ ध्वनिमुद्रणच चिरकं असल्यामुळे त्याचा दोष डिस्कला देता येत नाही. चित्रपटात शत्रू जर्मन, त्यामुळे १९३९च्या जर्मनीबरोबरच्या अनाक्रमण करारानंतर हा चित्रपट गुंडाळून ठेवला होता. १९४१ साली जर्मनांनी आक्रमण केल्यावर तो पुन्हा थिएटरांत आला.

संचातला सर्वोत्तम चित्रपट माझ्या मते 'इव्हान', सोळाव्या शतकातल्या रशियन झारवरचा. पहिल्या भागाच्या शेवटी झारचा टोकदार दाढीचा चेहरा अर्धा पडदा व्यापतो आणि त्याच्यामागे, खाली बर्फात, माणसांची नागमोडी रांग त्याला परत बोलवायला येते. त्या एका दृश्यात सत्ता म्हणजे काय ते सगळं आहे. दुसऱ्या भागात स्टालिनला स्वतःवरची टीका दिसली असावी. त्यावर १९४६ साली बंदी आली, तो १९५८ साली प्रदर्शित झाला, आणि आयझेनस्टाइन १९४८ सालीच गेला होता. त्यातला रंगीत मेजवानीचा प्रसंग या प्रतीत झळझळीत उतरला आहे.

मुलांबरोबर बघायचं असेल तर 'नेव्हस्की'पासून सुरुवात करा, सबटायटल्सचा त्रास सोसून. 'ऑक्टोबर' सर्वांत शेवटी ठेवा. १९१७चा घटनाक्रम माहीत नसेल, तर केरेन्स्की कोण आणि त्याच्या दृश्यात मध्येच तो यांत्रिक मोर का पिसारा फुलवतो, हे कळत नाही, आणि सोबतच्या पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळही नाही.