बालपरिचर्येतील शेवटची पोस्टिंग : नवजात अतिदक्षता विभाग निवडावा का?

परिचर्या शिक्षणाच्या शेवटच्या पोस्टिंगसाठी माझ्यापुढे सर्वसाधारण बालरोग वॉर्ड, बालकर्करोग विभाग आणि नवजात अतिदक्षता विभाग, म्हणजे एनआयसीयू, असे तीन पर्याय होते. मी एनआयसीयू निवडला. तिथे बारा आठवडे काम केल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

या विभागाने मला सर्वांत जास्त काय दिले असेल, तर हिशेबाची शिस्त. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे तपासणीसाठी काढलेल्या प्रत्येक मिलिलिटरची नोंद ठेवावी लागते. औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि दशांश चिन्ह एका घराने सरकले तर तो दहापट होतो. मला शिकवणाऱ्या सिस्टर स्वतःचे उत्तर कागदावर लिहून तो पालथा ठेवत, माझा हिशेब पूर्ण होऊ देत आणि मगच दोन्ही कागद शेजारी मांडत. ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, हा माझा समजही तिथेच गेला. मुदतपूर्व बाळाला ऑक्सिजन देताना रक्तातील त्याचे प्रमाण सहसा ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखतात, कारण अतिरेक झाल्यास डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून मॉनिटरवर खालच्या मर्यादेइतकीच वरची मर्यादाही लावायची असते.

पालकांसोबतचे कामही इथे फार जवळून शिकता येते. बाळाला आईच्या त्वचेला लागून छातीशी ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे सुरू झाली, हे पुस्तकात वाचले होते. पण नळ्या आणि वायरी सांभाळत बाळ पहिल्यांदा आईच्या उघड्या छातीवर ठेवले, तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता आणि तो सुटेपर्यंत मी तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पहिले तीन आठवडे मला केवळ निरीक्षण करू दिले. बाळांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच होते, परंतु निवडीच्या वेळी रुग्णालयाने याची कल्पना दिली नव्हती. त्याहून मोठी उणीव म्हणजे मोठ्या मुलांशी संबंधच येत नाही. सुई पाहून हात मागे घेणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला विश्वासात कसे घ्यावे, किंवा आईवडिलांसमोर गप्प राहणाऱ्या किशोरवयीन मुलीला एकटीला केव्हा आणि कसे विचारावे, हे इथे शिकायला मिळत नाही. ते वॉर्डातच शिकावे लागते.

म्हणून ज्यांनी बालरोग वॉर्डात पुरेसे दिवस काढले आहेत, त्यांना मी एनआयसीयू मनापासून सुचवेन. ज्यांनी नाही, त्यांनी आधी वॉर्डच घ्यावा, तो कमी प्रतिष्ठेचा वाटला तरी. बालकर्करोग विभागात मी काम केलेले नाही, त्यामुळे त्याबद्दल मत देणार नाही.

निवड कोणतीही असो, होकार देण्यापूर्वी इन्चार्ज सिस्टरना दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: बहुतेक ड्यूट्या एकाच मार्गदर्शक सिस्टरसोबत लागतील का, आणि देखरेखीखाली एका रुग्णाची संपूर्ण जबाबदारी कितव्या आठवड्यापासून मिळेल. मला ती पाचव्या आठवड्यात मिळाली आणि खरे शिक्षण त्यानंतरच सुरू झाले.