इंटेल आय३५०-टी४: चार पोर्टचं नेटवर्क कार्ड आणि ते बसवायची जागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटच्या ऑफिसात बहुधा चार वायरी येऊन पडतात: दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, बिलिंगचे संगणक आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर. जुन्या डेस्कटॉपवर फायरवॉल (नेटवर्कची ये-जा अडवणारं-सोडणारं सॉफ्टवेअर) चालवून हे सगळं वेगवेगळं ठेवायचं असेल, तर इंटेलचं आय३५०-टी४ आजही कमीत कमी डोकेदुखीचं कार्ड आहे. एकच कंट्रोलर चिप, चार गिगाबिट पोर्ट, वीज साधारण ५ वॅट. लिनक्समध्ये त्याचा आयजीबी ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो, वेगळा टाकावा लागत नाही. पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स या फायरवॉल सिस्टिमही कार्ड मुकाट्याने ओळखतात.

अडतं ते स्लॉटपाशी. कार्ड पीसीआय एक्सप्रेस २.१चं, चार लेनचं (लेन म्हणजे स्लॉटमधली डेटाची एक वाट). बोर्डावर लांबलचक स्लॉट दिसला म्हणजे आत सगळ्या लेन जोडल्या असतीलच असं नाही. स्वस्त बोर्डांवर दुसऱ्या लांब स्लॉटला चारच, कधी तर एकच लेन असते. या पिढीच्या एका लेनमधून एका दिशेला ४ गिगाबिट जातात, आणि त्यातूनही पॅकेटांची हमाली (डेटाच्या तुकड्यांवरच्या वेष्टनाचा खर्च) वजा होते. म्हणजे चारही पोर्ट तुडुंब वाहिले की एक लेन कमी पडणार. बसवल्यावर लिनक्समध्ये रूट (अ‍ॅडमिन) होऊन एलएसपीसीआय ही कमांड दोन व्ही लावून (lspci -vv) चालवा आणि लिंक स्टेटसच्या ओळीत ‘५ जीटी, एक्स४’ दिसतंय का बघा. एक्स१ दिसलं तर बहुतेक वेळा कार्ड ठीक असतं, स्लॉट चुकलेला असतो. अर्थात २०० एमबीपीएसच्या दोन लाइनी चालवणाऱ्याला याने काडीचा फरक पडत नाही. ग्राफिक्स कार्डाने एकुलता एक लांब स्लॉट अडवला असेल तर ते काढा, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स फायरवॉलला पुरतं.

चार पोर्ट एकत्र बांधले की वेग चौपट, हे दुकानदार हमखास सांगतात. ते अर्धंच खरं. पोर्ट बांधायच्या एलएसीपी या पद्धतीला मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच लागतो, आणि तो असला तरी एक कनेक्शन एकाच वायरीतून जातं. सर्व्हरवरून एकट्याने मोठी फाइल ओढली तर ९४० एमबीपीएसच्या पुढे काटा सरकत नाही. वाटणी दिसते ती दहा जण एकदम ओढायला लागल्यावर. तीही लिनक्सच्या बॉन्डिंगमध्ये (पोर्ट बांधायच्या सोयीत) कोणता माल कोणत्या वायरीत हे ठरवणारी हॅश पॉलिसी लेयर २ वर, म्हणजे मॅक पत्ता (पोर्टचा ओळख क्रमांक) बघण्यावरच राहिली तर फसते: राउटरपलीकडचा सगळा माल एकाच मॅक पत्त्यावर जातो, म्हणून एकाच वायरीत कोंबला जातो. लेयर ३+४ करा, म्हणजे आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक बघून वाटणी होते. एकाच माणसाला वेग हवा असेल तर हे कार्ड घेऊच नका, २.५ किंवा १० गिगाबिटचं बघा.

नकली माल भरपूर आहे. पोर्टच्या धातूच्या खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव (बहुधा डेल्टा) कोरलेलं आहे का, स्टिकरवरचा मॅक पत्ता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दिसणाऱ्याशी जुळतो का, हे दोन्ही तपासा. सर्व्हरमधून काढलेलं जुनं एचपी ३६६टी म्हणजे हीच चिप. अनोळखी ‘नव्या’ कार्डापेक्षा ते बरं. फक्त ब्रॅकेट (कार्ड डब्याला अडकवायची धातूची पट्टी) उंच की बुटकं, ते आधी विचारा.

कार्डाला पंखा नाही, नुसता हीटसिंक. हवेचं तापमान ५५ अंशांपर्यंत चालतं, पण एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीपार असताना बंद कपाटातला संगणकाचा डबा तिथवर सहज पोचतो. त्यात यंत्रमागाजवळ सुताची लव उडत असते. ती हीटसिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते आणि मग पोर्ट अधूनमधून तुटायला लागतात. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा आणि कपाटाला वरून जाळी ठेवा.

वायरी लावताना ब्रॅकेटवरचा पोर्टांचा क्रम आणि सिस्टिममधला क्रम उलटा निघू शकतो. लिनक्सच्या ईथटूल कमांडला पी जोडून (ethtool -p) पोर्टचा दिवा लुकलुकवा, मगच लेबल चिकटवा. लिंक १०० एमबीपीएसवर अडकली तर कार्डाला दोष देण्याआधी आठही तारा तपासा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, आणि कॅमेरे लावणारे बरेचदा निळी-तपकिरी जोडी १२ व्होल्ट न्यायला वापरून टाकतात. अशी वायर कार्डात खोचण्याआधी मीटर लावा.