फॉरेक्स कार्ड: ‘झीरो फी’ची पाटी आणि भावातली कात्री

मंडईत मेथीच्या जुडीवरून पाच रुपयांची घासाघीस करणारा पुणेकर डॉलर घेताना मात्र पहिल्याच काउंटरवर मान डोलावतो. कॅम्पात एमजी रोडला, डेक्कनला, औंधला किंवा विमाननगरला मनी चेंजरकडे जा, नाहीतर आपल्या बँकेच्या शाखेत. परदेशी निघालोय म्हटलं की समोर येतं ते प्रीपेड फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्ड. वस्तू वाईट नाही. पण ते सगळ्या देशांसाठी एकाच उत्साहाने विकलं जातं आणि गडबड तिथेच होते.

आधी पैसे कुठे जातात ते बघू. समजा, गूगलवर डॉलर ९० रुपये दिसतोय आणि कार्डात भरायचा भाव ९१.५० सांगितलाय. १,००० डॉलरचे ९१,५०० झाले, म्हणजे दीड हजार भावातच गेले. ‘झीरो इश्युअन्स फी’ची (कार्ड देण्याची फी शून्य) पाटी याच दीड हजारातून रंगवलेली असते. त्यावर चलन बदलाचा जीएसटी. तो पूर्ण रकमेवर नसतो, घाबरू नका. एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. इथे साधारण १६५ रुपये. एकूण कात्री १,६६५ रुपयांची, म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या थोडी वर.

युरोपला जाताना कार्डात युरो भरले आणि युरोच खर्च केले, तर हिशेब इथेच संपतो. साध्या क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका ३.५ टक्के मार्कअप (चलनाच्या दरावर चढवलेला जादा आकार) आणि त्यावर जीएसटी लावतात, म्हणजे ४.१३ टक्के. तिथे फॉरेक्स कार्ड सरळ जिंकतं. पौंड, सिंगापूर डॉलर, दिरहम यांचंही तेच.

आता हेच डॉलर भरलेलं कार्ड घेऊन हनोईला जा. कार्डात व्हिएतनामचं चलन दोंग भरता येत नाही, म्हणून प्रत्येक स्वाइपला डॉलरचे दोंग होतात आणि त्यावर क्रॉस करन्सी चार्ज लागतो. तो ३.५ टक्के असेल, तर १,००० डॉलरवर ३५ डॉलर, म्हणजे आणखी ३,२०० रुपये. एकूण कात्री ४,८०० च्या पुढे. त्याच खर्चावर साध्या क्रेडिट कार्डाचे ३,७०० च्या आसपास गेले असते. म्हणजे पैसे वाचवायला घेतलेलं कार्ड घरात पडलेल्या क्रेडिट कार्डापेक्षा महाग पडलं. बालीचा रुपिया, जॉर्जियाची लारी, सगळीकडे हीच गत. काउंटरवर ‘डॉलर सगळीकडे चालतो’ हे वाक्य ऐकू आलं की क्रॉस करन्सीचा दर लेखी मागा.

थायलंडची गत या दोन्हींच्या मधली. काही मल्टिकरन्सी कार्डांत बाट असतो, काहींत नसतो. ‘मल्टिकरन्सी’ शब्दावर न जाता चलनांची यादीच बघा. आणि यादीत बाट असला तरी कार्डात तो प्रत्यक्ष भरलाय की नाही, ते ॲपमध्ये तपासा. कार्डातला बाटचा कप्पा (वॉलेट) रिकामा असेल तर मशीन गुपचूप डॉलरच्या वॉलेटमधून पैसे उचलतं आणि क्रॉस करन्सी लागतोच.

दोंग-रुपियावाल्या देशांसाठी आमचं मत झीरो मार्कअप कार्डाच्या बाजूने आहे. नियो, स्कॅपिया या ॲपवाल्या कंपन्यांनी हाच प्रकार लोकप्रिय केला. व्हिसा किंवा मास्टरकार्डचा त्या दिवशीचा दर लागतो, बँक वर काही चढवत नाही. मात्र अटी बदलत राहतात, म्हणून निघायच्या आठवड्यात चार्जेसचं पान पुन्हा उघडा. कार्ड डेबिट आहे की क्रेडिट, हेही नीट बघा. मार्कअप शून्य असलं तरी क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड काढली की कॅश ॲडव्हान्स फी लागू शकते आणि व्याज त्याच दिवसापासून चालू होतं. रोकडीसाठी डेबिट, स्वाइपसाठी क्रेडिट. कार्ड कोणतंही असो, आंतरराष्ट्रीय वापर, एटीएम, पीओएस (दुकानातलं स्वाइप मशीन) आणि ऑनलाइन ही बटणं ॲपमध्ये वेगवेगळी असतात. ती घरूनच चालू करून ठेवा.

एटीएमची गोष्ट जरा निराळी. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला तिथली बँक दर व्यवहारामागे २२० बाट किंवा त्याहून जास्त घेते. रक्कम कितीही असो, फी तीच. ३,००० बाट काढले तर ७ टक्क्यांहून जास्त गेले, २०,००० काढले तर १.१ टक्के. ‘थोडे थोडे काढू, सुरक्षित राहतील’ हा घरगुती शहाणपणा इथे महागात पडतो. शिवाय फॉरेक्स कार्ड असेल तर आपल्या बँकेची दर वेळची फी वेगळी.

सगळ्यात मोठी चोरी होते ती पडद्यावरच्या एका प्रश्नात. पिन टाकला, रक्कम टाकली, की एटीएम एक पान दाखवतं. त्यावर रुपयांत नेमका आकडा, खाली ‘गॅरंटीड रेट’ आणि दोन बटणं: ‘ॲक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’. ‘डिक्लाइन’ दाबलं तर पैसे मिळणार नाहीत असं वाटतं. मिळतात. फक्त रुपयांचा भाव कार्ड नेटवर्क ठरवतं, ते मशीन नाही. ‘ॲक्सेप्ट’ दाबलंत तर भावात सहज ४ ते ७ टक्के जातात आणि झीरो मार्कअप कार्डाचा सगळा फायदा तिथेच बुडतो. दुकानात हाच प्रश्न ‘आयएनआर ऑर बाट?’ असा गोड आवाजात येतो. उत्तर कायम तिथलं स्थानिक चलन. पावतीवर रुपयांचा आकडा छापून आला तर सही करायच्या आधी व्यवहार रद्द करून पुन्हा स्वाइप करायला सांगा, नंतर काही होत नाही. परदेशी वेबसाइटवर हॉटेल बुक करताना दिसणारा रुपयांचा भावही याच जातीचा असू शकतो, आणि रुपयांत घेतलेल्या अशा परदेशी व्यवहारावर आपल्याकडच्या अनेक बँका आणखी एक टक्का लावतात.

कार्ड कितीही चांगलं असलं तरी थोडी रोकड लागतेच. प्रवासाला जाताना नोटांच्या स्वरूपात ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात (मोजके देश सोडून), बाकीचं कार्डात. ५० हजार रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचं परकीय चलन घेताना रोख रुपये चालत नाहीत, खात्यातूनच द्यावे लागतात. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तिथे व्हिसा न्या; ए-२ फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज) काउंटरवाले तिथेच भरून घेतात. प्रवासाच्या ६० दिवसांपेक्षा जास्त आधी चलन मिळत नाही.

भाव विचारायची पद्धत सोपी आहे. ‘रेट काय?’ असं विचारूच नका. ‘१,००० डॉलरचे सगळं धरून किती रुपये द्यायचे?’ असं तीन ठिकाणी फोन करून विचारा आणि दुसऱ्याचा आकडा तिसऱ्याला सांगा. भाव खाली येतो, हे चलनाचं दुकान असलं तरी शेवटी दुकानच आहे. शनिवार-रविवारी बँकांमधला चलनबाजार बंद असतो, म्हणून काउंटरवाले भाव थोडा फुगवून ठेवतात. मंगळवार-बुधवारी दुपारी जा. मुंबई विमानतळावर घेऊ म्हणून राहू नका, तिथे भाव विचारूनच घसा कोरडा पडतो.

बँकॉकसाठी पुण्यात बाट घेण्यापेक्षा डॉलर न्यावेत, कारण इथे बाटच्या खरेदी-विक्री भावातली दरी मोठी असते. सुवर्णभूमी विमानतळावर सामानाच्या पट्ट्याजवळचे काउंटर ओलांडून रेल्वे स्टेशनाच्या तळघरातल्या मजल्यावर उतरा. तिथे सुपररिचसारख्या चेंजर्सचे भाव शहराच्या जवळपास असतात. त्यांच्या फलकावर डॉलरच्या १०० च्या, ५० च्या आणि लहान नोटांचे भाव वेगवेगळे लिहिलेले दिसतील. १०० च्या नोटेला सर्वांत चांगला. म्हणून पुण्यातच १०० च्या नोटा मागून घ्या. प्रत्येक नोट उजेडात धरून बघा. फाटलेली कड, पेनाचा आकडा, कोणा चेंजरचा छोटा शिक्का किंवा छोट्या चेहऱ्याची जुनी मालिका असेल तर काउंटरवरच बदलून मागा. तिकडे अशी नोट कमी भावात घेतात, किंवा घेतच नाहीत.

एक इशारा. हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी यांसाठी फॉरेक्स कार्ड पुढे करू नका. गाडीवाले प्रीपेड कार्ड बहुतेक नाकारतात आणि हॉटेलने अडकवलेली रक्कम सुटायला दोन-चार आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस तुमच्याच पैशाला तुम्ही हात लावू शकत नाही. तिथे क्रेडिट कार्ड द्या.

टीसीएसची, म्हणजे चलन किंवा पॅकेज विकणाऱ्याने आधीच कापून घ्यायच्या आयकराची भीती बजेट प्रवाशाने फार बाळगू नये. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत चलन घेतलं तर तो कापत नाहीत. टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलंत तर मात्र पहिल्या रुपयापासून कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता करून घ्यायचा.

परत आल्यावर कार्डातली शिल्लक विसरू नका. वापर थांबला की काही महिन्यांनी त्यातून इनॅक्टिव्हिटी फी कापायला सुरुवात होते. नोटांपैकी २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवता येतात, त्यावरच्या १८० दिवसांत परत विकाव्या लागतात. नाणी पुण्यात कोणी घेत नाही. ती तिकडच्या विमानतळावर पाण्याच्या बाटलीत घालवा आणि उरलेले पैसे कार्डाने द्या. बहुतेक दुकानदार बिल असं फोडून देतात.