आबांचं ऊसबिल आणि रेडिंगचा सॉलिसिटर: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

ताई ब्रिटनमधल्या रेडिंगला असते. तिच्या बाळंतपणाला आई-आबांनी जायचं म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज एका एजंटाकडून भरला. मार्चमध्ये दोघांनाही नकार आला. भाची मे महिन्यात झाली, आणि आजी-आजोबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर.

नकाराच्या पत्रात कारण स्पष्ट होतं. आबांच्या खात्यात जानेवारीत एकरकमी ३ लाख ८० हजार जमा झालेत, ते कुठून आले याचा खुलासा नाही. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल की ते कारखान्याचं ऊसबिल आहे. पण अर्ज तपासणाऱ्याला ते कळणार कसं? शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आबांनी जन्मात कधी रिटर्न भरलेलं नाही. एजंटाने सातबारा जोडला होता, तोही मराठीतच. तिथल्या नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा वेल्श सोडून इतर भाषेतल्या कागदाला प्रमाणित भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क हवा. वर हाच एजंट मला म्हणाला, "पुढच्या वेळी खात्यात पाच लाख फिरवून देतो." मी फोन ठेवला.

मग ताईने तिकडचा सॉलिसिटर, म्हणजे वकील, शोधला. पहिल्या भेटीचे १०० पौंड, पूर्ण कामाचे ६५० आणि वर २० टक्के व्हॅट. एवढ्यात घरी म्हैस आली असती, असं आबा अजून म्हणतात. निवडताना ताईने एकच गोष्ट पाहिली: माणूस नोंदणीकृत आहे का. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं हा गुन्हा आहे. सॉलिसिटर नसलेल्या सल्लागारांची नोंद जिथे होते त्या संस्थेचं नाव जानेवारी २०२५ मध्ये बदलून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी झालं. आपल्याकडच्या एजंटाला यातलं काहीच लागू नाही.

मला वाटलं होतं आता अपील करू, भांडू. सॉलिसिटरने पहिल्याच भेटीत ते डोक्यातून काढलं. कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांचं अपील जून २०१३ मध्येच बंद झालंय. उरते ती मुख्यतः न्यायालयीन फेरतपासणी, आणि ती महाग. "समोर होते त्या कागदांवर अधिकाऱ्याचं चुकलेलं नाही, नवा अर्ज करा," असं तो म्हणाला. भांडायचे पैसे त्याला जास्त मिळाले असते. माझा विश्वास तिथे बसला.

त्यानंतर चार आठवडे तो उसाबद्दल विचारत होता. पैसे वर्षातून एकदाच का येतात? आडसाली म्हणजे काय? खोडवा म्हणजे तोच ऊस पुन्हा कसा? आबा फोनवर रंगात येऊन सांगायचे, ताई भाषांतर करायची, बाळ रडायचं. त्यातून चार पानांचं पत्र तयार झालं. कारखान्याची बिलं, ऊस नोंदीचा दाखला, सातबाऱ्याचं भाषांतर, आणि पासबुकातली प्रत्येक मोठी रक्कम कुठल्या पावतीशी जुळते याचा तक्ता. परत येण्याचं कारण म्हणून त्याने गाळप हंगामच पुढे केला. नोव्हेंबरनंतर ऊसतोडीची टोळी कधीही येईल, तेव्हा हा माणूस रानात असायलाच हवा. घर, जमीन, मुलगा अशी यादी सगळेच देतात. टोळीचं मला सुचलंच नसतं.

आणखी एक चूक त्याने पकडली. एजंटाच्या पत्रात "नातवंड सांभाळण्यासाठी" असं लिहिलं होतं. आजीने नातीला घेऊन बसायला कुणाची ना नाही, पण वाक्य वाचून बिनपगारी आया आणताय असा अर्थ निघू शकतो. पाच लाख फिरवण्याबद्दल विचारलं तर तो एकच बोलला: फसवणूक ठरली तर दहा वर्षं बंदी.

जूनमध्ये नवा अर्ज केला. शुल्क एप्रिलपासून माणशी ११५ वरून १२७ पौंड झालं होतं. पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसे दिले आणि तीन आठवड्यांच्या आत दोन्ही व्हिसे आले.

आता तक्रार. व्हिसा १ जुलैपासून होता, आणि पेरणी, पाऊस करत आम्ही तिकीट काढलं २२ जुलैचं. सहा महिने उतरल्या दिवसापासून मोजतात असं आम्ही धरून चाललो होतो. तसं नसतं, व्हिशावरची तारीख हीच शेवटची. आबा ठरल्याप्रमाणे नोव्हेंबरात आले, आईचं मात्र संक्रांतीपर्यंत थांबायचं ठरत होतं. सॉलिसिटरला विचारलं तर उत्तराला सहा दिवस लागले: वाढवून मिळणार नाही, १ जानेवारीच्या आत निघा, आणि अर्जात लिहिल्यापेक्षा जास्त का राहिलात ते पुढच्या अर्जात सांगा. हे जूनमध्येच एका ओळीत सांगायला काय हरकत होती? तिकीट बदलायचे १४० पौंड आमच्या माथी. काम झाल्यावर त्याच्या ऑफिसचा वेग एकंदर मंदावतोच.

पगारपत्रक, रिटर्न, फॉर्म सोळा असं सगळं सरळ असेल तर वकिलावर पैसे घालवू नका, अर्ज स्वतः भरता येतो. आधी नकार आला असेल किंवा कमाई शेतीची असेल, तर मी पुन्हा त्याच्याकडेच जाईन. पाचपैकी चार. एक तारा त्या २१ दिवसांचा कापला. आई म्हणते दोन काप.