सात मिती की चार? एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी

सांगलीत एम.एस्सी. करणाऱ्या भाचीला ठरवता येईना: गणितज्ञ मिल्नर यांचे सात मितींचे विक्षिप्त गोल (आकार गोलाचाच, पण कलन करण्यासाठी लागणारी ‘गुळगुळीत’ रचना वेगळी) घ्यायचे, की चार मितींची मॅनिफोल्ड्स (जवळून पाहिल्यास साध्या अवकाशासारखे दिसणारे आकार)? ‘मामा, मोठा उघडा प्रश्न चारातच आहे,’ हा तिचा मुद्दा. खराच आहे, पण त्यावर प्रकल्प होत नाही.

पूर्वतयारी पाहू. सातसाठी सदिश बंडल (प्रत्येक बिंदूला जोडलेली सदिश अवकाशं), पोंत्र्यागिन वर्ग (बंडल किती पिळलंय ते मोजणारे) आणि मोर्स फलनं (क्रांतिक, म्हणजे उतार शून्य असलेल्या, बिंदूंवरून आकार सांगणारी) पुरतात. फलनाला दोनच क्रांतिक बिंदू, म्हणून आकार गोलाचाच. पण सिग्नेचरचं (मॅनिफोल्डमधल्या छेदांवरून निघणाऱ्या एका पूर्णांकाचं) सूत्र लावलं की गुळगुळीत रचना नेहमीची नाही, हे उघड होतं. मिल्नर यांचा १९५६ चा युक्तिवाद एवढा आटोपशीर आहे. पुढे १९६३ मध्ये कर्वेर आणि मिल्नर यांनी दिशेसह (आरशातली प्रतिमा वेगळी धरून) अशा रचना मोजल्या: नेहमीची धरून २८. ब्रिस्कोर्न यांची समीकरणं घेऊन त्या सगळ्या हातानं लिहिताही येतात. मला तर हेच फार आवडतं.

चार मितींत गणितज्ञ डोनाल्डसन यांचं काम समजायला भौतिकशास्त्रातून आलेल्या यांग-मिल्स समीकरणांचं जड विश्लेषण लागतं. पाच आणि वरच्या मितींत दोन सपाट (द्विमितीय) चकत्या एकमेकींपासून सोडवता येतात. चारात त्या सहसा छेदतात, म्हणून वरच्या मितींत चालणारी गणितज्ञ स्मेल यांची पद्धत इथे अडते. ‘चार मितींचा विक्षिप्त गोल असतो का?’ हे आजही कुणाला माहीत नाही.

वर्षात लिहून संपवायचं असेल तर सात. पीएच.डी.ला जायचं पक्कं असेल आणि आंशिक विकलक समीकरणांची भीती नसेल, तरच चार.