हिवाळ्यातील सूर्यास्ताची समुद्रसफर: उघडी कयाक की बंद कयाक?

थंडीत सूर्यास्ताच्या वेळी किनाऱ्यालगत वल्हवत जायचे ठरले, की पहिला प्रश्न कयाकचाच, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, लांबट नावेचाच, येतो: तिच्या पाठीवर उघडे बसायचे की पोटात पाय घालून बसायचे? ही तुलना बहुधा वेगावर आणि उबेवर केली जाते. माझ्या मते हिवाळ्यात कसोटी वेगळीच आहे: नाव उलटली, तर गारठलेल्या हातांनी आणि मावळत्या उजेडात आपण पुन्हा तिच्यात कसे चढणार?

कोरडेपणात बंद कयाक सरस ठरते, यात वाद नाही. कमरेभोवतीच्या स्प्रे स्कर्टची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आवरणाची, कड बैठकीच्या काठावर घट्ट बसवली, की तुषार बाहेर राहतात आणि पायांना ऊब मिळते. सुमारे ५ मीटर लांबीची आणि ६० सेंटिमीटरच्या आसपास रुंदीची ही नाव वाऱ्यातही सरळ चालते. उघडी कयाक रुंद, म्हणून स्थिर, पण मंद असते; शिवाय पाण्याच्या निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांतूनच थोडे पाणी वर येत राहते आणि बैठक लवकरच ओली होते.

उलटल्यावर मात्र पारडे फिरते. उघड्या कयाकवरून माणूस थेट पाण्यात पडतो, ती सुलटी करून पोटावर सरकत वर चढतो आणि साचलेले पाणी भोकांतून आपोआप निघून जाते. बंद कयाकमध्ये डोके पाण्याखाली असताना, बाहेर पडण्यासाठी स्कर्टची पुढची पट्टी चाचपून ओढावी लागते. घाईत ती पट्टी स्कर्टखाली दडपली गेली असेल, तर जाड हातमोज्यांतल्या बोटांना ती सापडत नाही. (किनाऱ्यावरच, हातमोजे घालून, एकदा ओढून पाहावी.) पुढे पाणी उपसणे आलेच. १५ अंश सेल्सिअसहून थंड पाण्यात पहिले मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही आणि त्यानंतरच्या साधारण १० मिनिटांत हातांतील ताकद ओसरत जाते, हे लक्षात घेतले तर या दोन पद्धतींतील अंतर कळते. वल्ह्याच्या फटक्याने बसल्या जागी सुलटे होणे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला अर्थात हा आक्षेप लागू होत नाही.

बंद नाव उबदार म्हणून साध्या कपड्यांवर निघणे ही चूक आहे. पोशाख हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानानुसार ठरवावा. समुद्र सावकाश गार होत असल्याने हिवाळा सरता सरता पाणी सर्वांत थंड असते. सतत ओले राहावे लागणाऱ्या उघड्या कयाकसाठी मी वेटसूटपेक्षा (ज्यात पाणी शिरते, पण ऊब राहते) ड्रायसूट (जो पाणी आत येऊच देत नाही) पसंत करेन, मात्र ड्रायसूटला स्वतःची फारशी ऊब नसल्याने आत लोकरीसारखे थर हवेत.

सूर्यास्तानंतर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सुरू झाले, की मंद नावेला परतणे जड जाते. म्हणून सुलटे होण्याचा सराव नसलेल्याने उघडी कयाक घ्यावी, पण किनारा सोडू नये. सराव असलेल्याने, तोही सोबतीला दुसरी नाव असताना, बंद कयाक घ्यावी. पांढऱ्या उजेडाचा टॉर्च दोघांनीही लाइफ जॅकेटलाच बांधावा, कारण सामानाच्या कप्प्यात ठेवलेला टॉर्च समोरून बोट येताना हाती लागत नाही.