सोलापूरजवळचे जेसीबी उद्यान: मुलांना नेण्याजोगे आहे का?

सोलापुरात मुलांना घेऊन दिवसभर कोठे जावे, या प्रश्नाची उत्तरे गेली कित्येक वर्षे ठरलेली आहेत: अक्कलकोट, नळदुर्ग, केगावचे विज्ञान केंद्र, थंडीत एखाद्या ओळखीच्या शेतावरचा हुरडा आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. या यादीत आता शहराबाहेर महामार्गालगत सुरू झालेल्या एका यंत्र-उद्यानाची भर पडली आहे. जेसीबी, पोकलेन, डंपर, रोलर अशी बांधकामावरची यंत्रे तेथे मुलांना जवळून पाहता येतात आणि त्यांपैकी काही स्वतःच्या हातांनी चालवताही येतात. उद्यानाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवांपैकी काही दूर करण्याचे व्यवस्थापकांनी आमच्यासमोर मान्य केले आहे आणि त्यांना तेवढी सवड मिळावी असे मला वाटते.

ही कल्पना मुळात इंग्लंडमधली आहे. बांधकामाची यंत्रे भाड्याने देणाऱ्या तेथील एका कंपनीने केंट परगण्यातील स्ट्रूड येथे २००० साली ‘डिगरलँड’ नावाचे उद्यान सुरू केले. पुढे इंग्लंडमध्येच त्याच्या आणखी शाखा निघाल्या आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथेही तशाच धर्तीचे उद्यान उघडले. आपल्याकडे या कल्पनेला मागणी नसती तरच नवल. रस्त्याच्या कडेला जेसीबी खणू लागला की कामधाम सोडून माणसे भोवती उभी राहतात, आणि २०१९ च्या मे महिन्यात तर या सवयीची साऱ्या देशाने समाजमाध्यमांवर थट्टा केली होती. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत नाव आलेल्या आमच्या शहरात खोदकाम पाहण्याची संधी मुलांना त्यानंतर कधी कमी पडली नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आम्ही घरातले पाच जण गेलो होतो: मी, पत्नी, दुसरीतला मुलगा, बालवाडीतली मुलगी आणि माझे वडील. अण्णा तरुणपणी उजनीच्या कालव्यांवर मातीकामाच्या मोजणीला होते, त्यामुळे त्यांना सोबत घेण्यात माझा थोडा स्वार्थही होता. प्रवेशासाठी माणशी अडीचशे रुपये आणि त्यावर प्रत्येक यंत्रासाठी वेगळे टोकन, अशी येथील पद्धत आहे. जे आजी-आजोबा कोणत्याही यंत्रावर बसणार नाहीत त्यांच्याकडूनही पूर्ण प्रवेशफी घेतली जाते. ही गोष्ट मला पटली नाही. एकत्र कुटुंबाने येणाऱ्या गावात ती व्यवसायाच्या दृष्टीनेही शहाणपणाची नाही.

उद्यानाचे खरे आकर्षण म्हणजे लहान पोकलेनचा खड्डा. दीड-दोन टनांची ही खरी यंत्रे आहेत, खेळणी नव्हेत. त्यांचे पट्ट्यांवर चालणे बंद करून ती जागच्या जागी पक्की बसवलेली आहेत, इंजिनाचा वेग कमी ठेवलेला आहे आणि प्रत्येक यंत्राशेजारी एक ऑपरेटर उभा असतो, ज्याच्या हाताशी यंत्र तत्काळ बंद करण्याचे बटण आहे. मूल आसनावर बसले, पट्टा बांधला की दोन्ही हातांना दोन दांड्या मिळतात. डावी दांडी पुढे-मागे केली की बूमच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य लांब हाताच्या, टोकाचा दंड लांब जातो किंवा जवळ येतो, आणि तीच बाजूला झुकवली की आसनासकट सारे यंत्र वळते. उजव्या दांडीने बूम खाली-वर होतो आणि बकेट आत किंवा बाहेर वळते. मोठ्या कामांवरच्या पोकलेनमध्येही बहुधा हीच रचना असते, त्यामुळे येथे मुलाच्या हाताला जे वळण लागते ते खऱ्या यंत्राचेच असते.

माझ्या मुलाने पहिल्यांदा सगळी ताकद लावून दांडी ओढली आणि बकेट हिसका देऊन हवेतच थांबली. ऑपरेटर हसून म्हणाला, “वडायचं न्हाई बाळा, नुसतं सांगायचं तिला. जोर मशीनचा हाय, तुजा न्हाई.” ज्या गोष्टीसाठी मला घरी कागदावर आकृती काढावी लागली असती ती त्याने दोन वाक्यांत सांगितली. मुलाचा हात मातीला ढकलत नाही; तो फक्त तेलाची वाट उघडतो. डिझेल इंजिन पंप फिरवते, पंप तेलावर दाब आणतो, आणि दांडी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूच्या सिलिंडरमध्ये ते तेल शिरून दट्ट्याला पुढे रेटते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम शाळेच्या पुस्तकात आहे. तो हाताखाली थरथरताना अनुभवायला मिळणे ही निराळी गोष्ट आहे. मुलीला हे सारे भावापेक्षा लवकर जमले, कारण तिने जोर लावण्याचा प्रयत्नच केला नाही. टोकन देणाऱ्या खिडकीवर मात्र “मुलीला पण हवंय का?” असा प्रश्न आम्हाला विचारण्यात आला. तो विचारणाऱ्यांनी थोडा वेळ खड्ड्याकडे येऊन उभे राहावे, अशी माझी सूचना आहे.

खड्ड्यात वाळूऐवजी मुरूम भरलेला आहे, हा निर्णय मला फार आवडला. सोलापूरच्या काळ्या मातीत हे उद्यान चालले नसते. ती ओली झाली की बकेटला चिकटून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. मुरूम मोकळा राहतो. त्याचा ढीग एका ठरावीक उतारापर्यंतच उभा राहतो आणि त्यावर आणखी एक बकेट टाकली की बाजूंनी घसरून खाली पसरतो. मुलाने तो ढीग उंच करण्याचा हट्ट बराच वेळ चालवला आणि अखेर उंची वाढवायची असेल तर बुंधा रुंद करावा लागतो, हे त्याचे त्यालाच उमगले. ऑपरेटरने त्याला मधेच टोकले नाही, आणि हा संयम शिकवण्यातला फार मोठा गुण आहे.

याच ठिकाणी अण्णांची कळी खुलली. त्यांच्या तरुणपणी हीच माती वडार समाजाची माणसे टिकावाने काढत आणि गाढवांच्या पाठीवरून वाहून नेत. खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीच्या पातळीचा एक उंचवटा मुद्दाम न खणता राखून ठेवत, म्हणजे किती खोल खणले ते त्यावरून मोजता येई आणि मजुरी त्या मापावर ठरे. नातवाने विचारले की जेसीबीच्या किती बकेटी म्हणजे एक ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे सुमारे २.८ घनमीटर, जेसीबीच्या मागच्या बकेटमध्ये साधारण पाव घनमीटर माती मावते असे धरले तर सुमारे अकरा बकेटींचा एक ब्रास होतो. हा हिशेब अण्णांनी तेथेच जमिनीवर काडीने करून दाखवला आणि आजूबाजूची आणखी दोन-तीन मुलेही ऐकायला येऊन उभी राहिली. उद्यानातील एकाही फलकावर असे काही लिहिलेले नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. फलकांवर यंत्राचे नाव, अश्वशक्ती आणि ‘सेल्फी पॉइंट’ एवढेच आढळते. ज्या कंपनीच्या नावाने आपण सगळ्याच खोदयंत्रांना ओळखतो ती जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमधील उटॉक्सिटर गावी एका भाड्याच्या गॅरेजात सुरू केली आणि १९७९ पासून तिची यंत्रे हरियाणातील बल्लभगडला बनू लागली, एवढी माहिती लिहायलासुद्धा फार जागा लागली नसती.

दुपारी मोठ्या जेसीबीचे प्रात्यक्षिक असते. साडेसात टनांच्या आसपास वजनाचे हे यंत्र मागच्या बाजूने खणताना आधी दोन्ही पाय जमिनीवर रोवते आणि मागची चाके हलकी करते, मग चालक आपले आसन फिरवून मागे तोंड करतो. आमच्या ऑपरेटरने बकेटच्या दातांनी जमिनीवर उभे केलेले रिकामे बॅरल न पाडता उचलले आणि शेजारच्या चौकटीत अलगद ठेवले. अशा कौशल्याला टाळ्या मिळतात, हे रस्त्याच्या कामावर सहसा घडत नाही. प्रौढांसाठी हे यंत्र प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली चालवण्याचे वेगळे टोकन आहे. पत्नीने ते घेतले आणि तिच्या मते दिवसभरात सर्वांत वसूल झालेले पैसे तेच होते. मी घेतले नाही. मुलांसमोर बॅरल पाडण्याची माझी तयारी नव्हती.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे परीक्षण लिहायला बसलो ती सांगतो. प्रवेशद्वाराजवळ एका लोडरच्या पुढच्या बकेटमध्ये मुलांना बसवून छायाचित्रे काढली जात होती, आणि त्या वेळी यंत्राचे इंजिन चालू होते. बकेट जमिनीपासून फार उंच नव्हती, पण ती वर होती. बकेटमध्ये माणूस बसवू नये, हा यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतला आणि कोणत्याही शिस्तीच्या कामावरचा पहिल्या पानाचा नियम आहे, कारण तेलाची एक नळी फुटली किंवा चुकून दांडीला धक्का लागला तरी बकेट कलंडते. परदेशातील अशा उद्यानांत माणसे उचलणारी यंत्रे असतात, पण त्यांना त्यासाठीच बनवलेली आसने, पट्टे आणि कठडे जोडलेले असतात. नुसती बकेट हे आसन नव्हे. आम्ही व्यवस्थापकांना हे दाखवून दिले तेव्हा त्यांनी वाद घातला नाही, चालकाला बोलावून बकेट जमिनीवर टेकवायला लावली, इंजिन बंद करवले आणि चावी काढून घेतली. यापुढे छायाचित्रे अशी बकेट टेकवून आणि इंजिन बंद ठेवूनच काढली जातील, असे त्यांनी सांगितले. जाणाऱ्या पालकांनी मात्र स्वतः पाहून खात्री करावी, आणि चावी यंत्रात दिसली तर मुलाला खाली उतरवावे.

हेल्मेटबाबतही अशीच सूचना आहे. मुलांना मोठ्यांच्या मापाची पिवळी हेल्मेटे दिली जातात, ती डोळ्यांवर घसरतात आणि मूल एका हाताने हेल्मेट सावरत दुसऱ्या हाताने दांडी चालवते. लहान मापाची दहा-पंधरा हेल्मेटे विकत घेणे या उद्यानाला जड जाणार नाही.

सुरक्षिततेची एक बाजू मात्र येथे फार चांगली सांभाळली आहे. खड्ड्याकडे जाण्यापूर्वी एक वयस्कर ऑपरेटर मुलांना मोठ्या यंत्राच्या आसनावर एकेक करून बसवतो आणि मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी किती दिसतात ते मोजायला सांगतो. बहुतेकांना एकही दिसत नाही. त्यानंतर तो सांगतो की चालकाने तुमच्याकडे पाहून हात केल्याशिवाय यंत्राच्या जवळ जायचे नाही, आणि बूम फिरतो त्या वर्तुळात तर कधीच नाही. आमच्याकडे अर्धवट रस्त्यांच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांना ही दहा मिनिटे फुकट आणि सक्तीने द्यायला हवीत. मुलाने दुसऱ्याच दिवशी गल्लीत पाइपलाइनसाठी चाललेल्या खोदकामाशेजारी उभ्या राहिलेल्या शेजारच्या काकांना मागे सरकायला लावले; काकांना ते फारसे रुचले नाही.

उरलेल्या गोष्टींविषयी थोडक्यात. बॅटरीवरच्या प्लॅस्टिकच्या गाड्या, हवा भरलेली घसरगुंडी आणि पाळणे हे सारे गड्डा यात्रेत याहून चांगले आणि स्वस्त मिळते, त्यावर टोकने खर्च करू नयेत. डंपरची फेरी तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी ठीक आहे. स्वच्छतागृहे स्वच्छ होती. उपाहारगृहात वडापाव आणि डबाबंद पेये यांपलीकडे फारसे काही नाही, पण घरचा डबा आत नेऊ देतात, आणि कडक भाकरी, शेंगाचटणी, दही एवढे बरोबर असले की अडत नाही.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडावी. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम, तोही सकाळी उघडताक्षणी, कारण तेव्हा खड्ड्यावर रांग नसते आणि ऑपरेटर मुलांशी निवांत बोलतात. सोलापूरचा पारा मार्चअखेरीस चाळिशीकडे सरकू लागतो आणि उन्हात उभ्या असलेल्या लोखंडाला त्यानंतर हात लावणेही कठीण होते. खड्ड्यावर हिरवी जाळी बांधण्याचे काम आम्ही गेलो तेव्हा नुसतेच खांब रोवून थांबलेले होते. पावसाळ्यात उद्यान बंद असते. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी प्रत्येकी लहान पोकलेनची दोन टोकने आणि मोठ्यांपैकी एकासाठी जेसीबीचे एक, एवढीच खरेदी करावी, आणि मोठ्यांचे टोकन कोणी वापरायचे हे ठरवताना घरातल्या बाईला आधी विचारावे.